निर्णयाआधी पुरावा: औषध, तपासणी किंवा ऑपरेशन ठरवताना संशोधन कसं वापरायचं

घरात आजारपण निघालं की कुणीतरी एक जण फाईल सांभाळायला लागतो. बहुतेकदा धाकटा मुलगा, नाहीतर सून. राजारामपुरीतले डॉक्टर एक सांगतात, पुण्याचे पाहुणे दुसरं सांगतात, गल्लीतल्या ग्रुपवर तिसरंच फिरत असतं. हा लेख त्या फाईलवाल्यासाठी आहे. मी कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो आणि असे फाईलवाले रोज समोर बसतात. त्यांचा शोध कमी पडत नाही, क्रम उलटा पडतो. आधी मोबाईलवर शोधतात, जे सापडेल त्यावरून मत बनवतात आणि त्या मताला साजेसा प्रश्न डॉक्टरांना विचारतात. खाली क्रम सरळ करून दिला आहे. पायरी वगळू नका, विशेषतः पहिली.

इशारा: छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, उसाच्या फडात पान लागलं म्हणजे साप चावला, तर यातलं काहीही करायचं नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळचा मोठा दवाखाना किंवा सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, गाठा. पुढचं सगळं विचार करायला निदान दोनचार दिवस हाताशी असतील तेव्हासाठी आहे.

## तयारी: एक कागद

फाईलमध्ये पंचवीस रिपोर्ट असतात आणि कामाचा एक कागद नसतो. तो आधी करा. वय, वजन, जुने आजार, ऑपरेशनं, कशाची ॲलर्जी. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि त्याची तारीख, कारण कितीतरी गोळ्यांचा डोस किडनीवर ठरतो. चालू असलेलं प्रत्येक औषध डोससकट लिहा. काढे, चूर्णं आणि गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही त्यात आल्या. त्या लपवल्या जातात आणि नेमक्या त्याच घोळ घालतात.

शेवटची ओळ पेशंटला विचारून लिहायची: "तुम्हाला काय हवंय?" आजीला महाद्वार रोडवरून चालत अंबाबाईला जाता आलं की पुरे असतं. मुलाला एमआरआयमधला गुडघा कोरा करकरीत दिसायला हवा असतो. ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत आणि त्यांना लागणारा पुरावाही वेगळा.

## टप्पा १: प्रश्न चार तुकड्यांत लिहा

"गुडघ्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन चांगलं का?" हा प्रश्न नव्हे. याला कोणतंही उत्तर मिळतं आणि प्रत्येक उत्तर खरं वाटतं. चार तुकडे पाडा:

1. कोण: ६८ वर्षांची बाई, गुडघ्याची झीज, मधुमेह.
2. काय करायचं म्हणतायत: दुर्बिणीतून गुडघा धुऊन साफ करणं.
3. कशाच्या बदल्यात: व्यायाम, वजन कमी करणं, वेदनाशामक गोळी.
4. काय मिळवायचं: वर्षभरानंतर दुखणं कमी आणि जिना चढता येणं.

तिसरा तुकडा हमखास राहतो. "काहीच न करणं" किंवा "आहे तेच चालू ठेवणं" हाही पर्याय असतो, तो कागदावर आला नाही तर निवड करायला काही उरतच नाही.

आता याच प्रश्नाचं उत्तर बघा. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या १८० जणांवर चाचणी झाली, २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींना फक्त कातडीवर चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. कुणाला काय मिळालं ते पेशंटना सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला, तरी दुखणं आणि चालणं यांत खऱ्या ऑपरेशनवाल्यांना जास्त फायदा दिसला नाही.

तपासा: हा निष्कर्ष दुर्बिणीच्या सफाईचा आहे आणि झिजेच्या गुडघ्याचा आहे. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन वेगळं, त्याचा पुरावाही वेगळा. "गुडघ्याच्या ऑपरेशनचा काही उपयोग नाही असं संशोधन सांगतं," असं कुणी म्हणालं तर त्याने दुसरा तुकडा वाचलेला नाही.

## टप्पा २: वरून खाली शोधा

शोधण्याचा क्रम असा ठेवा. आधी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना: आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने नेहमीच्या आजारांसाठी उपचारांचे तक्ते काढलेत, ते इंटरनेटवर फुकट आहेत. डब्ल्यूएचओच्या सूचनाही. मग अनेक चाचण्या एकत्र करून केलेले आढावे. असे आढावे करणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे साध्या भाषेतले सारांश कुणालाही वाचता येतात. त्यानंतर, गरज पडली तरच, पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या वेबसाइटवर एकेक चाचणी. बातम्या आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी, तेही मूळ अभ्यासाचं नाव मिळवण्यापुरते.

एकच अभ्यास उचलला की काय होतं त्याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासण्याची एक स्वस्त पद्धत आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मोठ्या चाचणीत ही तपासणी बायकांची एकदाच झाली आणि मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने तीच पद्धत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत वापरली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. दोन्ही अभ्यास खरे. फक्त पहिला वाचणारा "उपयोग नाही" म्हणेल, फक्त दुसरा वाचणारा "करूनच घ्या" म्हणेल. कितीदा केली हा फरक दोघांच्याही नजरेतून सुटेल.

## टप्पा ३: तुलना सरळ होती का?

अभ्यास हातात आला की निष्कर्षाकडे धावू नका. आधी एवढंच बघा:

- कुणाला औषध आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं का? ज्यांनी आपणहून घेतलं आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांची तुलना केली, तर औषधापेक्षा माणसांचाच फरक मोजला जातो. आपणहून गोळी मागणारा माणूस बहुधा चालतोही, बीपीही तपासतो.
- मधेच किती जण गळाले? गळालेल्यांचं काय झालं ते सांगितलंय का?
- काय मोजणार हे आधी जाहीर केलं होतं का? भारतात चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते आणि १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदीत एक लिहिलं आणि जाहिरातीत भलतंच छापलं असेल तर तिथेच थांबा.

पाळी कायमची थांबल्यावर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी हृदयविकार टळतो, असं अनेक वर्षं नुसत्या निरीक्षणांवरून मानलं जायचं. २००२ मध्ये १६,६०८ बायकांवरच्या चिठ्ठी पद्धतीच्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत हृदयविकार कमी तर झाला नाहीच, उलट थोडा वाढला. त्यामुळे "हजारो लोकांचं निरीक्षण" या शब्दांचा मान ठेवा, पण औषध सुरू करायला तेवढं पुरत नाही.

## टप्पा ४: टक्के मोडा, हजार माणसं मांडा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, त्यामुळे इथे सावकाश चला.

२००८ च्या एका गाजलेल्या चाचणीत कोलेस्टेरॉल फार नसलेल्या, पण सूज दाखवणारी सीआरपी तपासणी वाढलेल्या १७,८०२ जणांना रोसुवास्टॅटिन किंवा दिसायला तशीच खोटी गोळी दिली. हार्ट ॲटॅक, लकवा आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी कमी, अशी बातमी झाली. ४४ टक्के ऐकलं की निम्मी माणसं वाचली असं वाटतं. आता मोजा. दोन्ही गटांत ८,९०१ जण होते. खोट्या गोळीवर २५१ जणांना अशी घटना घडली, खऱ्या गोळीवर १४२ जणांना. म्हणजे सुमारे दोन वर्षांत हजारामागे २८ आणि १६. गोळी घेणाऱ्या हजारांतल्या १२ जणांना फायदा झाला. उरलेल्यांपैकी ९७२ जणांना तसंही काही होणार नव्हतं आणि १६ जणांना गोळी घेऊनही झालं.

हा फायदा थोडा की मोठा, हे आकडा सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं. आधी ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाचा मूळ धोकाच मोठा असतो, त्याला हजारामागे मिळणारा फायदा बराच जास्त. त्याने हे वाचून गोळी बंद करायची नाही.

उलटंही होतं. उस्मानाबादच्या त्याच चाचणीत बायकांच्या एका गटाची एचपीव्ही तपासणी (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) आयुष्यात एकदा केली आणि दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले. आठ वर्षांत या कॅन्सरने त्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ दगावल्या, नेहमीप्रमाणेच राहिलेल्या ३१,४८८ पैकी ६४. हजारामागे एक आणि दोन. फरक जेमतेम एकाचा, पण त्यासाठी रोज गोळी घ्यायची नाही, एकदाच तपासणी करायची आहे आणि जीव वाचतो तो मधल्या वयातल्या बाईचा. मी घरच्यांना ही तपासणी करून घ्यायला सांगतो.

तपासा: निकालाशेजारी कंसात दोन आकडे असतात, त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. या चाचणीत एचपीव्ही गटातला मृत्यूचा धोका ०.५२ पट आला आणि कंसात ०.३३ ते ०.८३. म्हणजे धोका निम्म्यावर आला हा अंदाज, खरा आकडा या पट्ट्यात कुठेही असू शकतो. पट्ट्यात १ येत असेल, तर "काहीच फरक नाही" ही शक्यता अजून शिल्लक आहे असं समजा.

## टप्पा ५: रिपोर्ट सुधारला की माणूस?

साखर, कोलेस्टेरॉल, हाडांची घनता हे रिपोर्टातले आकडे. ॲटॅक, फ्रॅक्चर, मरण, चालता येणं या माणसाच्या गोष्टी. पहिलं सुधारलं म्हणजे दुसरं सुधारतंच, असं धरून चालू नका.

मधुमेहातलं उदाहरण ठळक आहे. हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या १०,२५१ मधुमेहींपैकी एका गटाचं एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला, दुसऱ्याचं ७ ते ७.९ दरम्यान ठेवलं. पहिल्या गटाचे रिपोर्ट उत्तम आले. आणि त्या गटात २५७ जण दगावले, दुसऱ्यात २०३. शेवटी ती कडक उपचारांची बाजू २००८ मध्ये वेळेआधीच थांबवावी लागली. सत्तरीतल्या वडिलांची साखर "एकदम नॉर्मल" करून मागणाऱ्या मुलांना मी हे दोन आकडे कागदावर लिहून देतो.

## टप्पा ६: आपल्या माणसाला लागू पडतं का?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर लेप्टोची (उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती पसरली की मेडिकलमध्ये डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची मागणी सुरू होते. "आठवड्याला एक डोस, ९५ टक्के संरक्षण," असा मेसेज फिरतो. तो आकडा खोटा नाही. तो आला कुठून ते बघायचं.

पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर ही चाचणी झाली, १९८४ मध्ये छापून आली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी घेणाऱ्यांत एकाला लेप्टो झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत वीस जणांना. हजारी हिशेबात २ आणि ४२. तरणेबांड गडी, मोजके आठवडे, धोका दाट.

दुसरी चाचणी अंदमानात झाली, २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे लेप्टो कायमचा मुक्कामाला असतो. रक्ततपासणीत संसर्ग झालेले दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. प्रत्यक्ष आजारी पडणारे मात्र गोळीवर सुमारे ३ टक्के आणि गोळीविना जवळपास ७ टक्के. पनामातले ९५ टक्के अंदमानात साधारण निम्म्यावर आले.

आता कोल्हापूर. प्रयाग चिखलीत किंवा शिरोळकडे गुडघाभर पाण्यातून जनावरं सोडवणारा, पायाला भेगा असलेला माणूस अंदमानच्या जवळचा. त्याला गोळीतून काही मिळण्याजोगं आहे, आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहून पूर मोबाईलवर बघणाऱ्याचा मूळ धोकाच नगण्य. नगण्याचा निम्मा केला तरी हाताला काय लागणार? उलट पित्त, उलट्या, घशात गोळी अडकून होणारी जळजळ हे सगळं त्याच्या वाट्याला पूर्ण येतं. गोळीचा त्रास धोका बघून कमी होत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना तर डॉक्टरांशिवाय ही गोळी द्यायचीच नाही.

हाच हिशेब प्रत्येक उपचाराला लावा: मूळ धोका किती, त्यातला किती टळतो आणि त्रास किती. मूळ धोका तुम्ही गुगलवरून ठरवू शकत नाही, तो डॉक्टरांना विचारायचा. तयारीतला कागद इथे कामाला येतो.

## टप्पा ७: तपासणी असेल तर निकालाआधी ठरवा

तपासणीबाबत एकच नियम पाठ करा: पॉझिटिव्ह आली तर काय करणार आणि निगेटिव्ह आली तर काय करणार, हे रक्त देण्याआधी लिहा. दोन्ही उत्तरं सारखीच आली तर तपासणी करू नका.

टायफॉइडसाठी करतात ती विडाल ही रक्ततपासणी घ्या. दोन दिवस ताप आला की विडाल करायची आणि "टायफॉइड निघाला" म्हणून अँटिबायोटिक सुरू करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. समजा तपासणी टायफॉइडच्या शंभरातल्या ८० जणांना पकडते आणि टायफॉइड नसलेल्या शंभरातल्या १० जणांना उगीच पॉझिटिव्ह दाखवते. हे आकडे हिशेबापुरते घेतलेत. दोन दिवसांच्या तापाचे हजार पेशंट, त्यांत खरा टायफॉइड ५० जणांना. पॉझिटिव्ह येणार खरे ४० आणि खोटे ९५. म्हणजे "टायफॉइड निघाला" म्हणून घरी गेलेल्या दहांपैकी सातांना तो नाहीच.

आता तेच किट, पण आठवडाभर चढता ताप आणि दुसरं कारण सापडत नाही असे हजार पेशंट, त्यांत टायफॉइड समजा ४०० जणांना. खरे पॉझिटिव्ह ३२०, खोटे ६०. आता दहांपैकी आठांहून जास्त खरे. किट बदललं नाही, कुणाची तपासणी केली ते बदललं. टायफॉइडचा खराच संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, मागा. औषध पोटात गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता घटते.

इशारा: "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजला हाच नियम लावा. दक्षिण कोरियात काही त्रास नसलेल्या लोकांच्या थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास सुरू झाली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं आणि त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. जादा सापडलेल्यांतल्या बहुतेकांचा थायरॉइड काढला गेला, गोळी जन्माची लागली. गळ्याला गाठ हाताला लागत असेल तर गोष्ट वेगळी, ती दाखवायलाच हवी.

## टप्पा ८: डॉक्टरांसमोर

स्क्रीनशॉट दाखवू नका, कागद दाखवा. "गुगलवर वाचलंय" या वाक्याने सुरुवात केली की समोरचा डॉक्टर बचावात जातो. मीही जातो. असं विचारून बघा:

"डॉक्टर, तुमच्यावर भरवसा आहेच ओ. फक्त आईसारख्या शंभर जणांना हे केलं तर कितीजणांना फायदा होतो आणि नाही केलं तर काय होतं, तेवढं सांगा की."

मग आणखी तीन प्रश्न: त्रास काय होऊ शकतो आणि किती जणांना? थोडं थांबलो तर काही बिघडेल का? यापेक्षा साधा पर्याय कोणता? ओपीडीत गर्दी असेल तर एवढ्यासाठी पुन्हा वेगळी वेळ मागा. सीपीआरच्या ओपीडीत सकाळच्या रांगेतही कागद पुढे केला की उत्तर लवकर मिळतं, कारण माहिती शोधण्यात वेळ जात नाही.

डॉक्टरांना नेमका आकडा सांगता आला नाही म्हणून ते चुकीचे ठरत नाहीत. बऱ्याच गोष्टींवर चांगल्या चाचण्याच झालेल्या नाहीत, तिथे अनुभवावरच जावं लागतं. पण प्रश्नच उडवून लावला आणि "उद्याच ॲडमिट व्हा" एवढंच सांगितलं, तर तातडी कशाची ते स्पष्ट विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांचा सल्ला शेवटी सांगा, आधी कागद वाचू द्या.

## टप्पा ९: ठरल्यावर लिहून ठेवा

त्याच कागदाच्या पाठीमागे चार ओळी लिहा. काय ठरलं. कशासाठी ठरलं, म्हणजे पहिल्या टप्प्यातला चौथा तुकडा. किती दिवसांत फरक दिसायला हवा, हे डॉक्टरांना विचारून. आणि नाही दिसला तर काय करायचं. आजींच्या गुडघ्याचा कागद असा दिसेल: "मांडीचे व्यायाम रोज, फिजिओथेरपिस्टकडून शिकून. वजन ४ किलो कमी. वेदनाशामक गोळी किडनीमुळे डॉक्टरांना विचारूनच. तीन महिन्यांनी जिना मोजायचा. फरक नसेल तर गुडघा बदलण्याबद्दल बोलायचं."

तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. नव्या डॉक्टरकडे गेलात की रिपोर्टांच्या आधी तोच पुढे करा.